रत्न कोणाच्या नजरेने निवडायचे? कोरीगड, त्र्यंबकेश्वर आणि १८१८

मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आंबवणे आणि पेठ शहापूर या गावांच्या माथ्यावर कोरीगड उभा आहे. उंची तीन हजार फुटांच्या आसपास, चहूबाजूंनी धरलेली तटबंदी, माथ्यावर दोन तळी आणि कोराईदेवीचे मंदिर. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने गडावर तोफा डागल्या, दारूकोठार पेटले आणि १४ मार्चला गड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर कोराईच्या अंगावरचे दागिने मुंबईला नेऊन मुंबादेवीला घालण्यात आले, असे या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

ही आख्यायिका ऐकताना एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. मुंबादेवीचे आजचे देऊळ झवेरी बाजाराला लागून आहे. मावळातल्या एका गडदेवतेचे दागिने ज्या देवीकडे गेले असे लोक मानतात, तिच्या अंगणातच पुढे हिऱ्यामोत्यांची मोठी बाजारपेठ वसली. युद्धात दागिना हात बदलतो, यात नवे काही नाही. येथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ते खडे मुळात कोणत्या नजरेने निवडले जात होते? आणि १८१८ नंतर त्या नजरेचे काय झाले?

सुरुवात जमिनीपासून करणे बरे. मुळशीचा सारा डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हाचा आहे. या दगडात हिरा सापडत नाही. हिरा जमिनीखाली सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवर तयार होतो आणि अगदी निराळ्या प्रकारच्या ज्वालामुखी नळ्यांतून वर येतो. सह्याद्रीच्या पाषाणातल्या पोकळ्यांत मिळतात ते गारगोटीचे स्फटिक, अकीक आणि झिओलाइट वर्गातली देखणी खनिजे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत कॅव्हन्साइट नावाचे गडद निळे खनिज निघते आणि जगभरच्या संग्रहालयांत त्याचे नमुने मांडलेले असतात. पण ते इतके मऊ की अंगठीत बसवले तर टिकणार नाही. काठिण्याच्या दहा अंकी श्रेणीत हिरा १०, माणिक आणि नीलम ९, तर कॅव्हन्साइट जेमतेम ३ ते ४. थोडक्यात, मावळच्या भूमीने डोळ्यांना सुखावणारे दगड भरपूर दिले, दागिन्यात टिकेल असे मात्र फारसे दिले नाही. गडावरच्या देवीच्या अंगावर जे काही चढले असेल, ते दुरून आले होते.

किती दुरून? हिऱ्याला त्यातल्या त्यात जवळचे ठिकाण म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले वैरागड. तेथील हिऱ्याच्या खाणीची नोंद ऐन-ए-अकबरीत आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त हिऱ्याची जी उगमस्थाने दिली त्यांत वेणा नदीचा काठ आहे, आणि अनेक अभ्यासक ती वेणा म्हणजे वैनगंगा असे मानतात. मोठे हिरे मात्र आले कृष्णेच्या खोऱ्यातून, गोवळकोंड्याच्या राज्यातल्या कोल्लूरसारख्या खाणींतून. हे कोल्लूर आज पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली आहे. मुळशीच्या वाचकाला धरणाखाली गेलेले गाव म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

माणिक ब्रह्मदेशातून येई. नीलम आणि लसण्या सिंहलद्वीपातून, पोवळे भूमध्य समुद्रातून, मोती इराणच्या आखातातून. बसऱ्याच्या बाजारामार्गे येणारे म्हणून ते ‘बसराई’. बदखशानातून येणारा ‘लाल’ दिसायला माणकासारखा, पण खनिज म्हणून अगदी वेगळा. युरोपात या दोहोंतला फरक शास्त्रीय पातळीवर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाला. ब्रिटनच्या राजमुकुटात ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ म्हणून मिरवणारा खडा असाच ‘लाल’ आहे. आपल्याकडच्या जव्हेऱ्यांच्या बोलीत मात्र माणिक आणि लाल हे दोन वेगळे शब्द आधीपासून होते. हातात खडा घेऊन जगणाऱ्याला असा फरक प्रयोगशाळेआधी कळत असावा.

सर्वांत लांबचा प्रवास पाचूचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आजच्या कोलंबियातल्या खाणी बळकावल्या आणि तेथील हिरवेगार खडे समुद्रमार्गाने गोव्याला उतरू लागले. दख्खन आणि हिंदुस्थानच्या दरबारांत मिरवलेले मोठे पाचू बहुतांशी या नव्या जगातले आहेत. म्हणजे पुण्याच्या एखाद्या वाड्यातल्या तन्मणीला लोंबणारा पाचू अँडीज पर्वतातून आलेला असण्याची शक्यता बरीच.

याच गोव्यात १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. ग्रंथ मुख्यतः औषधी वनस्पतींचा, पण त्यात हिरा आणि इतर रत्नांवरही संवाद आहेत. ऑर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी जाणारा वैद्य होता आणि पुणे प्रांत व मावळ तेव्हा निजामशाहीच्याच अमलाखाली होते. म्हणून त्याने नोंदवलेली आवड ही याच प्रदेशातल्या श्रीमंतांची आवड समजायला हरकत नाही. ती आवड अशी, की येथील लोक पैलू पाडलेल्या हिऱ्यापेक्षा निसर्गाने घडवलेला, जन्मजात आकाराचा हिरा अधिक मोलाचा मानतात.

युरोपीय वाचकाला हे चमत्कारिक वाटले, आणि आज दुकानात लखलखणारे हिरे पाहणाऱ्यालाही वाटेल. पण या आवडीमागे शास्त्र होते आणि हिशेबही होता.

शास्त्र म्हणजे रत्नपरीक्षा. वराहमिहिर, बुद्धभट्ट, ‘अगस्तिमत’ अशी ही ग्रंथपरंपरा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’तही रत्नपरीक्षेचे प्रकरण आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, हा सुप्रसिद्ध उल्लेख ज्या ग्रंथात येतो, तो हाच. या परंपरेत उत्तम हिरा म्हणजे सहा टोकांचा, आठ सपाट बाजूंचा, धारदार कडांचा नैसर्गिक स्फटिक. दोष मोजले जात ते डाग, ठिपका, रेघ, जवाच्या आकाराची खूण आणि कावळ्याच्या पायासारखी चीर, म्हणजे काकपद. आजचा पारखी भिंगातून जे शोधतो, त्यातले पुष्कळसे या यादीत आहे.

परंपरा आहे म्हणून सगळेच स्वीकारावे असे नाही. उत्तम हिरा पाण्यावर तरंगतो, हे वराहमिहिराचे विधान खोटे आहे. हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड असतो. पांढरा हिरा ब्राह्मण, तांबूस क्षत्रिय, पिवळा वैश्य आणि काळा शूद्र ही वर्गवारी तर समाजातली उतरंड दगडावर लादण्याचाच प्रकार होता. किंमतही त्याच उतरंडीने ठरत असे.

आता हिशेब. गोवळकोंड्याच्या खाणींना भेट देणारा फ्रेंच जव्हेरी ताव्हेर्निए याने १६७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात हिऱ्याच्या किमतीचा नियम दिला आहे. किंमत वजनाच्या पटीत नव्हे, वजनाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वजन दुप्पट, तर किंमत चौपट. वजन तिप्पट, तर किंमत नऊपट. वजनासोबत किंमत अशी झपाट्याने चढवण्याची रीत संस्कृत ग्रंथांतही आहे. हा नियम मानला की प्रत्येक पैलू तोट्याचा ठरतो. वजन दहा टक्क्यांनी घटले, तर किंमत एकोणीस टक्क्यांनी घसरते. त्यामुळे ताव्हेर्निएने पाहिलेले कारागीर खडा निर्मळ असेल तर त्याच्या मूळ बाजूंवर नुसता हात फिरवून तो उजळत. आत डाग वा चीर असेल तरच ती झाकण्यासाठी बारीक बारीक पैलू पाडत. म्हणून फार पैलूंचा हिरा दिसला की जाणता गिऱ्हाईक आधी संशय घेई.

हे सौदे कसे होत, याचेही वर्णन ताव्हेर्निए देतो. युरोपात हिरा दिवसाच्या उजेडात पाहत, येथे रात्री. भिंतीत हातभर चौकोनी कोनाडा, त्यात जाड वातीचा दिवा, आणि त्या उजेडासमोर दोन बोटांत धरलेला खडा. त्याचे ‘पाणी’ आणि आतले दोष असे तपासले जात. पाण्यात निळसर झाक आहे का हे पाहायचे, तर दाट पानांच्या झाडाखाली जायचे. हिरव्या सावलीत ती झाक लपत नाही. भाव ठरे तो तोंडातून शब्द न काढता. समोरासमोर बसायचे, कापडाखाली हात धरायचा. अख्खा हात दाबला म्हणजे हजार, एक बोट म्हणजे शंभर, बोटाच्या मधल्या पेरापर्यंत पन्नास, पहिल्या पेरापर्यंत दहा. शेजारी बसलेल्यालाही भाव कळत नसे. महाराष्ट्रातल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून व्यवहार करणारे दलाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

खडा निवडून झाला की तो कोंदणात जाई. येथेच दोन जगांतला खरा भेद आहे. कुंदनाच्या कामात खड्याची पाठ बंद असते. खाली चांदीचा किंवा रंगीत असा चकचकीत पातळ पत्रा, वर खडा, भोवती शुद्ध सोन्याची पट्टी दाबून बसवलेली. हिऱ्याखालचा पांढरा पत्रा उजेड परत फेकतो, माणकाखालचा तांबडा पत्रा रंग गडद करतो. या रचनेत प्रकाश परतवण्याचे काम खड्याला एकट्याने करावे लागत नाही. युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून वाढत गेलेल्या बहुपैलू घाटात मात्र ते सगळे काम पैलूंवरच सोपवलेले असते. त्यासाठी कोन नेमके लागतात, आणि कोन नेमके साधायचे तर वजनाचा बळी द्यावा लागतो. आपल्या कारागिरांना पैलू पाडता येत नव्हते म्हणून ते पाडत नसत, असे लिहिणारे इंग्रज लेखक पुष्कळ आहेत. ते अर्धवट पाहून लिहिलेले आहे. येथे खडा, पत्रा, सोने आणि समईचा हलता उजेड यांचा एकत्र विचार केलेला होता.

मराठी दरबारात रत्नांसाठी वेगळे खाते होते. सभासदाने शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांची जी यादी दिली आहे तीत जवाहीरखाना आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाला मुंबईहून आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनने महाराजांना नजर केलेल्या वस्तूंत हिऱ्याची अंगठी होती. पण पुढे पेशवाईत पुण्याच्या दागिन्यावर राज्य केले ते मोत्यांनी. नथ, तन्मणी, चिंचपेटी. पुरुषांच्या गळ्यात कंठी, कानात चौकडा किंवा भिकबाळी, पगडीवर शिरपेच आणि तुरा. या बहुतेकांत मोती मुख्य आणि रंगीत खडा मोजका. नथीच्या मोत्यांमध्ये एखादे माणिक वा पाचू ठेवतात तेव्हा ते मोत्यांचा पांढरेपणा उठून दिसावा म्हणून. मोत्याचेही मोल पाण्यावर, घाटावर आणि जोडीवर. एकसारखे पाणी असलेली मोत्यांची सर जुळवणे हे वर्षानुवर्षे चालणारे काम असे. एक मोती आज मिळे, त्याचा जोडीदार दोन वर्षांनी.

मोती किती जवळचा, हे १७६१ च्या एका प्रसिद्ध पत्रातून कळते. पानिपतावरचा संहार दक्षिणेत कळवताना सावकारी भाषेत सांकेतिक मजकूर लिहिला गेला. त्यात विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ यांच्या मृत्यूसाठी मोती गळाल्याची खूण होती, मोठे सरदार मोहरा होते आणि सामान्य शिपाई म्हणजे मोजता न येणारा खुर्दा. पेशवे घराण्यातल्या दोघांसाठी हिरा नव्हे, मोती हा शब्द सुचला. त्यामागे त्या काळच्या जवाहिराची सारी प्रतवारी उभी आहे. आणि खुर्दा ठरलेल्यांच्या घरी काय वाटले असेल, हे त्या पत्रात नाही.

१८१८ कडे परतू. कोरीगड पडला त्याच लढाईच्या धामधुमीत आणखी एक रत्न इंग्रजांच्या हाती लागले. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातला म्हणून सांगितला जाणारा, गोवळकोंड्याच्या खाणीतला, सुमारे ९० कॅरेटचा हिरा. दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिरातून तो कर्नल ब्रिग्जकडे आणि त्याच्याकडून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे गेला. ‘दख्खनची लूट’ या शीर्षकाखाली तो लंडनला पोचला आणि बाजारात त्याला नाव मिळाले ‘नस्साक’. नाशिक या शब्दाचा तो इंग्रजी अपभ्रंश आजही जगभरच्या रत्नसूचींत तसाच छापला जातो.

लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जव्हेऱ्यांनी हा हिरा सुमारे तीन हजार पौंडांना घेतला. एवढ्या मोठ्या दगडाला ही किंमत फारच कमी होती. कारण तेथील नजरेला तो मंद आणि ओबडधोबड दिसला. त्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले आणि वजन सुमारे ७८ कॅरेटवर आले. ताव्हेर्निएचा नियम लावला तर या एका कामात हिऱ्याने आपल्या किमतीतला जवळजवळ चौथा हिस्सा गमावला. प्रत्यक्षात उलट झाले. चमक वाढली तशी मागणी वाढली. १८३७ मध्ये तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरकडे गेला आणि त्याच्या समारंभी तलवारीच्या मुठीत बसला. हिशेब बदलला होता. वजनाचे राज्य संपून चमकेचे सुरू झाले होते.

कोहिनूरचे पुढे हेच झाले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात लोकांनी गर्दी केली आणि हिरा चमकत नाही म्हणून निराश होऊन ते परतले. दुसऱ्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले गेले आणि त्याचे चाळीस टक्क्यांहून अधिक वजन घटले. हे दोन्ही हिरे परत मागणारे लोक आहेत. पण मागणी मान्य झाली, तरी जी वस्तू गेली ती परत येऊ शकत नाही. त्र्यंबकेश्वरच्या देवापुढे जो आकार होता, तो आता कुठेच नाही.

नाशिकच्या हिऱ्यावर दुसरी कात्री चालली ती १९४० मध्ये न्यूयॉर्कला. हॅरी विन्स्टनने त्याला लांबट चौकोनी घाट दिला; वजन उरले ४३.३८ कॅरेट. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो पाच लाख डॉलरांना विकला गेला. विकत घेणारा मालवाहू ट्रकांच्या व्यवसायातला होता. मूळ हिऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या कारागिरांच्या चाकावर भुकटी होऊन गेला.

हा बदल राजेरजवाड्यांपुरता राहिला नाही. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्हस्कीने गोल हिऱ्याच्या पैलूंचे प्रमाण गणिताने मांडले. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या संस्थेने वजन, रंग, निर्मळपणा आणि पैलू अशी चौपदरी प्रतवारी रूढ केली. आज पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा झवेरी बाजारात दागिना घडवून घेणारे घर हीच प्रतवारी लिहिलेले प्रमाणपत्र मागते. ते मागावेही, प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा आणि खाणीतला हिरा यांतला भेद नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि कोनाड्यातला दिवाही तो दाखवणार नाही. अडचण येते ती आजीच्या पेटीतला जुना जडाव याच प्रमाणपत्राच्या मापाने मोजला जातो तेव्हा. चपटा, मूळ आकाराचा, पाठीमागे पत्रा लावलेला हिरा या श्रेणीत फार खाली बसतो. मग दागिना मोडीत जातो. सोन्याचे वजन होते आणि खडे कागदाच्या पुडीत परत मिळतात किंवा नव्या घाटासाठी घासायला जातात. पत्र्यावरून काढलेला जुना हिरा हातात घेतला तर तो खरोखरच निस्तेज दिसतो. तो एकट्याने चमकावा म्हणून घडवलेलाच नव्हता.

कोराईच्या दागिन्यांत हिरे होते, मोती होते की नुसते सोने, हे ती आख्यायिका सांगत नाही. दागिने एका देवीवरून उतरून दुसऱ्या देवीवर चढले, एवढेच ती सांगते. ते रंडेल अँड ब्रिजकडे गेले नाहीत, असा त्याचा एक अर्थ होतो. गडाच्या पायथ्याशी आज अँबी व्हॅलीचे बंगले आहेत. पेठ शहापूरकडून पायऱ्या चढून माथ्यावर गेले की तटावर लक्ष्मी तोफ दिसते आणि थोडे पुढे कोराईचे देऊळ.